पंधरा प्रती, एका बाजूने

३ फेब्रुवारी, सोमवार

स्पायरल बाइंडिंगचा नमुना म्हणून दुकानात कोऱ्या कागदांची एक वही टांगून ठेवली होती, ती आज काढून घेतली. कुणाजवळ तरी बोललं नाही तर माझं डोकं फुटेल. घरात बोलायला एक नवरा आहे, पण तो ऐकतोय की बसल्या जागी झोपलाय, हे लग्नाला सोळा वर्षं झाली तरी मला ओळखता येत नाही.

झालं असं. शाळेच्या व्हॉलीबॉल संघातल्या मुलींच्या पालकांची सभा होती. शाळेच्या हॉलमध्ये, लहान मुलांच्या त्या बुटक्या बाकांवर, गुडघे हनुवटीला टेकवून. सभा चालू असताना टोनरवाल्याचा फोन आला म्हणून मी बाहेर गेले. फार तर चार मिनिटं. परत आले तर सगळे माझ्याकडे बघून टाळ्या वाजवताहेत. मी निधीप्रमुख झाले होते.

पालकांचे अध्यक्ष म्हणजे दातांचे डॉक्टर. त्यांच्या जुळ्या मुली संघात आहेत. म्हणाले, "तुमचं झेरॉक्सचं दुकान, त्यामुळे पत्रकं, पोस्टर, सगळं घरचंच." घरचंच म्हणे! कागद काय माझ्या माहेराहून येतो?

एकोणीस एप्रिलला दुसऱ्या शहरात शाळाशाळांची स्पर्धा आहे. बस, राहणं, जेवण, प्रवेश फी. दहा एप्रिलपर्यंत सगळी रक्कम भरली नाही तर प्रवेश रद्द. शाळेकडे मदत मागितली, तर शाळेने शुभेच्छा दिल्या.

मुली तेरा आहेत आणि संघात जागा बारा. एक गळणार. चष्मेवाली गळेल, बेकरीवालीची मुलगी. बिचारी चेंडू आला की आधी चष्मा सांभाळते.

लष्कराच्या भाकऱ्या भाजायची मला हौस नाही. मी हे करणार ते एकाच कारणासाठी. दोन वर्षांपूर्वी शाळा बदलली तेव्हा आमची कन्या वर्गात सहा महिने तोंड उघडत नव्हती. "तिला ऐकू येतं ना?" असं बाईंनी मला विचारलं होतं. मग ती व्हॉलीबॉलला जायला लागली आणि एक दिवस ओरडून ओरडून घसा बसवून घरी आली. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तिला भरलेल्या हॉलमध्ये खेळताना बघायचंय मला, एवढंच. बाकीच्या बारा जणींचं त्यांच्या आया बघतील.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

कॉलेजच्या प्रोजेक्टची शेवटची तारीख. वर्षभर झोपा काढलेली मुलं सकाळी नऊपासून रांगेत. एक मशीन तापून बंद पडलं, दुसरं कागद चावत होतं. अशा वेळी कोचबाई आल्या. एरवी शिट्टी वाजवत असल्यासारख्या बोलतात. आज कागद छातीशी धरून कोपऱ्यात उभ्या, येणाऱ्याजाणाऱ्याला पुढे जाऊ देत होत्या. शेवटी मीच हात पुढे केला.

"आधी तुम्ही बघावं असं मला वाटलं," त्या म्हणाल्या.

मी बघितलं. टाइप केलेला, कडा स्वच्छ, शाई गडद. "किती?"

"पंधरा."

"दोन्ही बाजूंनी?"

त्या जरा गोंधळल्या. "नाही... एकाच बाजूने."

माझा एक नियम आहे. गिऱ्हाइकाचा कागद वाचायचा नाही. काचेवर पालथा घालायचा आणि झाकण लावायचं. माझ्या हाताखालून लोकांचे घटस्फोटाचे अर्ज गेलेत, रक्ताचे रिपोर्ट गेलेत, वरच्या मजल्यावरच्या काकूंचं मृत्युपत्र गेलंय, आणि मला कशातलं काही माहीत नाही. म्हणून तर लोक कोपऱ्यावरचं स्वस्त दुकान सोडून माझ्याकडे येतात.

प्रती हातात देऊन झाल्या तरी बाई हलेनात. "तुम्हाला काही विचारायचंय का?" त्यांनी मला विचारलं.

"हो. सुटे आहेत का?"

त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. सुट्यांसाठी रडणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघितलं. "एक प्रत तुमच्या घरची. ठेवून घ्या," म्हणाल्या आणि गेल्या. सरावाचं वेळापत्रक असणार. ते कन्येला पाठ असतं. मागची बाजू कोरी होती, म्हणून कच्च्या कामाच्या गठ्ठ्यात सरकवली. चांगला कागद वाया कशाला घालवायचा?

घरी आले तर कन्या डोकं दुखतंय म्हणून आडवी. डोळे लाल. मोबाइल, दुसरं काय.

"कोचबाई आल्या होत्या ना दुकानात?" तिने विचारलं.

"आल्या होत्या."

"मग... तू बघितलंस ना?"

"बघितलं की. पंधरा प्रती काढून दिल्या."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुला काहीच म्हणायचं नाहीये?"

"म्हणायचंय काय त्यात? आता कामाला लागायचं."

तिने उठून मला मिठी मारली. तेराव्या वर्षी मुली उगीच मिठी मारत नाहीत. काहीतरी हवं असणार, दोन दिवसांत कळेलच.

१५ फेब्रुवारी, शनिवार

केकविक्री झाली. पहिला विरोध अध्यक्षांचाच. "मी दातांचा डॉक्टर, माझ्या नावाखाली साखर विकणार?" शेवटी तडजोड अशी निघाली, की प्रत्येक केकबरोबर 'गोड खाल्ल्यावर चूळ भरा' असं पत्रक द्यायचं. ते कोणी छापून दिलं हे लिहायची गरज नाही.

अकरा घरांतून अकरा केक आले. विकत घेतले कोणी? त्याच अकरा घरांनी. मी माझा करपलेला देऊन डॉक्टरांच्या बायकोचा बसलेला घेतला. सगळ्यांनी आपापले पैसे आपापल्या खिशातून काढून मधल्या डब्यात टाकले. केक न करता तसेच टाकले असते तर गॅस तरी वाचला असता. बाहेरचं एक माणूस आलं, त्याने बाथरूम कुठे आहे ते विचारलं.

दुकानाच्या काचेवर मी मोठी तापमापी काढून लावली आहे. पैसे जमतील तसतसा पारा चढवायचा. कन्येने आज लाल खडूने रंगवला. गोळासुद्धा भरला नाही.

ती मात्र झटून काम करते. दिवसभर टेबल मांडत होती, बाकीच्या महाराण्या सेल्फी काढत होत्या.

२ मार्च, रविवार

आज मी एक चांगलं काम केलं आणि त्याचा मला भयंकर त्रास झाला.

बेकरीवाली ब्रेडच्या पाकिटांवर चिकटवायला लेबलं न्यायला आली. चष्मेवाली अजून सरावाला जाते, हे मी परवाच बघितलं. कोचबाईंना मुलीला तोंडावर नाही म्हणायचा धीर झालेला दिसत नाही. मला त्या माउलीची दया आली. तिचा हात धरला आणि म्हटलं, "मन घट्ट करा. सगळ्यांच्या मुली काही संघात जात नाहीत. बाहेर राहूनही मुलीला पुष्कळ शिकता येतं."

बेकरीवालीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच भट्टीतून निघालेय. मग हुंदकाच फुटला तिला. "तुम्ही मला सांगताय हे? तुम्ही? अहो, मला तर तुमच्यासमोर उभं राहायची लाज वाटते. तुमचं मन किती मोठं आहे!"

मन मोठं आहे म्हणे. गेल्या आठवड्यात स्टेपलर मागून नेला तो परत दिलेला नाही, त्यावरून म्हणाली की काय कोण जाणे. दहा मिनिटं रडली. गिऱ्हाईक तिष्ठत. लेबलांचे पैसे मागायचं मला सुचलं नाही, आणि तिला द्यायचं.

हे 'मन मोठं' प्रकरण वाढतंय. परवा डॉक्टरही म्हणाले, "तुमच्याकडून शिकावं." काय शिकावं ते सांगत नाहीत. कामं वाढवून ठेवतात आणि वर आरती ओवाळतात.

९ मार्च, रविवार

'शंभर सर्व्हिस' हा माझा कार्यक्रम. प्रत्येक मुलीने शंभर सर्व्हिस मारायच्या. जाळीपलीकडे मैदानात पडेल त्या प्रत्येक चेंडूमागे तिच्या ओळखीच्यांनी ठरलेली रक्कम द्यायची. कल्पना डोक्यात आली तेव्हा मला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं.

संघातल्या सगळ्यांत बुटक्या मुलीने अठ्ठ्याऐंशी मारल्या. उंचीने जाळीच्या निम्म्यापर्यंत जेमतेम, पण हात आहे की गोफण! चष्मेवालीने चष्म्याला दोरी बांधून चौऱ्याहत्तर. आमच्या कन्येच्या सदतीस.

नाचता येईना अंगण वाकडं, असं कुणीही म्हणेल. पण मैदानावरचा दिवा खरंच तिच्या डोळ्यांवर येत होता. त्याच दिव्याखाली बुटकीने मारल्या म्हणून काय झालं, ती बुटकी आहे, तिच्या डोळ्यांपर्यंत तो पोचत नसेल. मी कोचबाईंना जाऊन सांगितलं, की दिव्याचं काहीतरी करा. त्यांनी मान खाली घातली. "खूप मेहनत करते हो ती," म्हणाल्या. "माझ्याकडे आलेल्या मुलींत इतकी मेहनती क्वचितच." मी दिव्याबद्दल बोलत होते.

शंभर झाल्यावर कन्या निघून आली नाही. तीन तास चेंडू गोळा करून देत होती, दुसऱ्यांचे. ओरडून प्रत्येकीचा आकडा मोजत होती. मला ते आवडलं नाही. खेळणाऱ्या मुलीला असं हमाल करू नये.

पारा एक तृतीयांश.

१४ मार्च, शुक्रवार

बॅनर छापून आणला. दुकानावर आडवा लावला. मध्ये आमच्या कन्येचा उडी मारतानाचा मोठा फोटो, बाकीच्या बारा जणी कडेने छोट्या गोलांत. का? फोटो मी काढते, मी कोणाचे काढणार? दुसरं म्हणजे बॅनर माझ्या खर्चाने आहे.

कुणीतरी कुरकुर करेल म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. एकानेही केली नाही. डॉक्टर बॅनरपुढे उभे राहिले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "हे फार योग्य केलंत." भांडायला कंबर कसून यावं आणि समोरच्याने पायाच पडावं, तसं झालं. तयार केलेली उत्तरं फुकट गेली.

कन्या मात्र लाजून लाल. "आई, मला कशाला मध्ये?"

"मग कोणाला?"

ती बॅनरकडे न बघताच आत पळाली.

२० मार्च, गुरुवार

गुडघ्यांना बांधायचे चांगल्यातले पॅड आणले कन्येसाठी. महागाचे. तिने हातात घेतले, दाबून बघितले, म्हणाली, "आई, बुटकीचे फाटलेत. तिला देऊ? तिलाच जास्त लागतील."

"आणि तुला?"

"माझे जुने चांगले आहेत सरावाला."

दिले. मुलगी कर्णाचा अवतार, आई झेरॉक्सवाली.

संध्याकाळी मी नवऱ्याजवळ ओरडले. तो लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर खड्ड्यात उभा असतो, त्यामुळे वरून कोणी ओरडलं तर त्याला काही वाटत नाही. मी म्हटलं, "स्पर्धेत उघड्या गुडघ्यांनी खेळणार का ही?" त्याने चहाचा कप खाली ठेवला. माझ्याकडे नीट बघितलं.

"तू तो कागद वाचला होतास ना? कोचबाईंनी दिलेला?"

"मी गिऱ्हाइकांचे कागद वाचत नाही. किती वेळा सांगू? आणि विषय काय, बोलतोस काय? पॅडचं चाललंय आपलं." मग मी त्याला त्याच्या ओल्या टॉवेलबद्दल पण सांगितलं, कारण ते राहिलं होतं.

त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि टॉवेल वाळत घालायला गेला.

२९ मार्च, शनिवार

गाड्या धुण्याचा कार्यक्रम. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. सकाळी नळाला पाणी नाही. दुपारी पाणी आलं, तर पाइप फुटका. पाइप बांधला, तर आकाश भरून आलं आणि गाडी धुवायला कोण येणार? सहा गाड्या आल्या, त्यातल्या तीन आमच्याच. डॉक्टरांच्या गाडीवर जुळ्यांनी तारेच्या घासणीने नक्षी काढली. आता ती रंगवायचा खर्च संघाच्या निधीतून द्यावा का, यावर एक उपसमिती नेमली आहे.

पारा पाऊण भागावर येऊन बसलाय. बारा दिवस राहिले. ओळखीचं दार एक उरलं नाही. दोन गल्ल्या पलीकडचा शिंपी मला बघून शटर अर्धं ओढतो. मी दुकानात चिडचिड करते, घरी चिडचिड करते, आणि सकाळी उठल्यावर आठवून पुन्हा चिडते. पण ती तिथे खेळली पाहिजे. त्यासाठी अजून शंभर दारं वाजवीन.

८ एप्रिल, मंगळवार

लिहायला हात चालत नाही. तरी लिहिते.

शेजारचा टायरवाला. माझी गिऱ्हाइकं त्याच्या दारात स्कूटर लावतात, एवढ्यावरून सात वर्षं आमचं बोलणं नाही. निधीसाठी दोनदा गेले होते, दोनदा त्याने हवा भरायच्या यंत्राचा आवाज वाढवला. आज तिसऱ्यांदा गेले, कारण दुसरीकडे जायला जागाच राहिली नव्हती. त्याने यंत्र बंद केलं. एक टायर आडवा टाकला. "बसा."

मी बसले.

"परवा दाढ दाखवायला गेलो होतो त्या तुमच्या डॉक्टरकडे," तो म्हणाला. "अर्धा तास माझं तोंड उघडं ठेवून तुमचीच गोष्ट सांगत होते. मला बोलता येत नव्हतं, म्हणून ऐकली. ऐकली ते बरं झालं. माझा गैरसमज होता, की स्वतःच्या पोरीसाठी हिंडतेय बाई. त्यात काय विशेष, कुणीही हिंडेल. पण डॉक्टर म्हणाले, तुमची पोरगी यादीत नाही. बारात बसली नाही. यादी तुम्हीच छापून दिलीत, आणि दुसऱ्या दिवसापासून बाकीच्या पोरींसाठी दारोदार. मी आपलं मनात म्हटलं, तोंडात त्यांचा हात होता ना, म्हटलं, अशा माणसाला आपण दोनदा नाही म्हणालो."

त्याने गल्ल्याखालून एक पाकीट काढलं. "जे कमी पडतंय ते सगळं आहे यात. माझं नाव कुठे छापू नका, नाहीतर उद्यापासून रांग लागेल."

'कोण नाही यादीत?' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पाकीट माझ्या हातात होतं. मी म्हटलं, "आभारी आहे." आणखी काय म्हटलं ते आठवत नाही. टायरवरून उठताना पाय थरथरत होते.

दुकानात येऊन कच्च्या कामाचा गठ्ठा उपसला. सापडला. पाठीवर माझ्याच अक्षरात केकची यादी: बेकरीवाली एक, डॉक्टर एक, कमी साखरेचा. उलटला. बारा नावं. चष्मेवाली चौथी. वरून खाली वाचली, खालून वर वाचली, मशीनच्या उजेडाखाली धरून वाचली. आमची नाही.

साठ दिवस तो कागद माझ्या हाताखाली होता.

नवरा घरी आल्यावर कागद त्याच्यापुढे टाकला. त्याने बघितला आणि खुर्चीत बसला. "मला वाटलं, तुला ठाऊक आहे. मग त्या पॅडच्या दिवशी कळलं, की नाही. त्यानंतर तीनदा सांगायला आलो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तिन्ही वेळा तू बोलत होतीस."

९ एप्रिल, बुधवार

ही वही कोणी वाचणार नाही, तेव्हा खरं लिहिते. आज दुपारपर्यंत मी ते पाकीट परत करणार होते. टायरवाल्याला सांगणार होते, की मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी एक पत्रक फुकट काढलं नसतं, एक केक करपवला नसता. दुसऱ्यांच्या पोरी गेल्या काय, राहिल्या काय! मन मोठं! मला त्या साऱ्यांचा राग आला होता. डॉक्टरांचा, कोचबाईंचा, अठ्ठ्याऐंशी सर्व्हिस मारणाऱ्या त्या बुटकीचा, चष्म्याच्या दोरीचासुद्धा.

कोचबाईंना गाठलंच मी, शाळा सुटायच्या आत. म्हटलं, "एकीचंच नाव वगळायचं होतं, तर ते सांगायची ही रीत झाली?"

त्या पांढऱ्या पडल्या. "मी स्वतः आणून तुमच्या हातात दिली होती यादी. म्हटलं, दुसऱ्या कोणाकडून कळायला नको. तुम्ही इतक्या शांतपणे घेतलंत... दोन्ही बाजूंनी का, म्हणालात. मला वाटलं, धीर धरताय." मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटायला लागलं. "तुम्ही वाचली होती ना?"

समोरून डॉक्टर येत होते. मी म्हटलं, "वाचली होती. आज जरा थकलेय, एवढंच." आणि तिथून निघाले. का म्हटलं तसं, मलाही ठाऊक नाही.

चार वाजता कन्या शाळेतून थेट दुकानात आली. पाकीट गल्ल्यात होतं, डॉक्टर पाच वाजता रक्कम न्यायला येणार होते. ती काचेवरच्या तापमापीपुढे उभी राहिली. पारा अजून पाऊण भागावरच.

"नाही ना जमलं?" ती म्हणाली.

मी काउंटरवरचे कागद सरळ करत राहिले.

"असू दे, आई. तू आणखी काय करणार होतीस? आम्ही सगळ्या तुझ्याबद्दलच बोलतो." दप्तर काढून तिने कागदांच्या रिमवर ठेवलं. "तुला सांगू? त्या दिवशी मी ठरवलं होतं, की सराव सोडायचा. उद्यापासून जायचंच नाही. तुला सांगायची पण भीती वाटत होती, कारण तू कोचबाईंशी भांडणार, शाळेत जाऊन तमाशा करणार, असं वाटलं होतं मला."

"मी कशाला तमाशा करीन?"

"करतेस तू." ती हसली. "पण तू यादी बघितलीस आणि नुसतं म्हणालीस, आता कामाला लागायचं. तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली. म्हटलं, आई एवढं करू शकते, तर मी घरी बसून रडू?"

कोणीतरी आधार कार्डासारखं छोटं काहीतरी घेऊन दोन्ही बाजूंनी कॉपी मागत होतं. मी ती काढून दिली. पैसे घेतले. सुटे दिले. तेवढ्या वेळात मला माझं तोंड सरळ करायचं होतं.

मग गल्ला उघडून पाकीट तिच्या हातात दिलं. "खडू घे. वरपर्यंत रंगव."

ती अशी किंचाळली, की टायरवाला बाहेर येऊन बघायला लागला.

१७ एप्रिल, गुरुवार

बस सकाळी सातला गेली. बारा मुली, कोचबाई आणि बेकरीवाली, तिला मदतनीस म्हणून नेलंय. आमची कन्या बसच्या टपावर सामान चढवायला मदत करत होती. बस सुटल्यावर फाटकापर्यंत मागे धावली. घसा बसलाय.

मला त्या बसचा राग आला. अजून येतोय. बेकरीवालीच्या शेजारची एक जागा रिकामी होती, मी मोजली.

डॉक्टरांनी निरोपाचं भाषण केलं. त्यात मी होते, मोठं मन होतं. ऐकताना माझे कान इतके तापले, की मी मध्येच टोनरवाल्याचा फोन आलाय असं सांगून बाहेर गेले. फोन आला नव्हता.

१९ एप्रिल, शनिवार

पहिला सामना सकाळी अकराला. बेकरीवालीने तिथून फोन लावला आणि चालू ठेवला. तिला खेळातलं काही कळत नाही. "गेला, गेला, आला!" एवढंच ओरडत होती. कन्या काउंटरवर चढून बसली होती, फोन दोन्ही हातांनी धरून. मागचे आवाज ऐकले, शिट्टी ऐकली, की तिला सगळं दिसत होतं. "आता जुळीची सर्व्हिस. आता बुटकी पुढे आली असेल. काकू, बुटकी पुढे आलीये ना?"

"कोणती जुळी?" मी विचारलं.

"डावखुरी. आई, तू अडीच महिने यांच्यासाठी हिंडलीस, आणि तुला दोघींतली एक ओळखता येत नाही?"

"मग सांग की नीट."

तिने सांगितलं. कोणती मागे उभी राहते, कोण चेंडू उचलून देते, कोणाला ओरडलं तर बरं खेळते आणि कोणाला ओरडलं तर रडते. चष्मेवाली जाळीजवळ कधी घाबरत नाही, हेही मला आजच कळलं. मध्ये दोन गिऱ्हाइकं आली. त्यांना मी थांबायला सांगितलं, आणि एक थांबला तो शेवटपर्यंत ऐकतच बसला.

पहिला सेट हरल्या. दुसरा जिंकल्या. तिसऱ्यात शेवटचा गुण बुटकीने मारला. तो पडल्याचं बेकरीवालीच्या किंकाळीवरून कळलं. कन्या काउंटरवरून खाली उडी मारून नाचायला लागली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होती. मी तिच्याकडे बघत होते. कुठेतरी, डोळ्याच्या कोपऱ्यात तरी, दुखत असेल म्हणून शोधत होते. होतं थोडं. तिने ते लपवलं नाही.

फोन बंद झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन मशीनला टेकून उभी राहिली. मशीन गरम असतं, तिला लहानपणापासून आवडतं.

"आई, एक विचारू? त्या यादीत माझं नाव नाही हे बघितलंस, तेव्हा तुला काहीच वाटलं नव्हतं?"

"वाटलं," मी म्हटलं. "खूप वाटलं. पाय थरथरले माझे."

खोटं नाही बोलले. फक्त तारीख सांगितली नाही.